पुण्यातल्या फ्लॅटमध्ये गाणं रेकॉर्ड करायचंय? आधी खोली, मग माईक

"कुठला माईक घेऊ?" घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो. मला कोणी असं विचारलं की मी आधी तीन गोष्टी विचारते: खोली केवढी आहे, खिडकी कुठे उघडते आणि खाली रस्ता कुठला आहे. आपल्याकडच्या फ्लॅटमधली बेडरूम बहुतेक वेळा दहा बाय दहा किंवा दहा बाय अकरा. खाली गुळगुळीत टाइल्स, तीन बाजूंना कोऱ्या भिंती, चौथ्या बाजूला सरकती काच. अशा खोलीत माईक जितका चांगला, तितका तो खोलीचा घुमारा आणि रस्त्यावरचे हॉर्न जास्त बारकाईने टिपतो. म्हणून इथे खोली आधी येते आणि खरेदी नंतर.

हे सगळं गाणाऱ्यांसाठी आणि हार्मोनियम, तबला, गिटार वाजवणाऱ्यांसाठी लिहितेय. एका वेळी एक किंवा दोन जणांचं रेकॉर्डिंग, साधारण वीस ते तीस हजारांचा खर्च आणि लॅपटॉप घरात आधीपासून आहे, असं धरून चालले आहे.

१. पहिला आठवडा फक्त फोन वापरा

काहीही विकत घेण्याआधी फोनचा साधा रेकॉर्डर उघडा. घरातल्या प्रत्येक खोलीत तेच एक कडवं गा आणि नंतर इअरफोन लावून ऐका. गाण्याआधी अर्धा मिनिट गप्प बसून रेकॉर्डिंग चालू ठेवा. त्या अर्ध्या मिनिटात काय काय ऐकू येतं ते कागदावर लिहा: पंखा, फ्रिजचा कॉम्प्रेसर, वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्ची, डक्टमध्ये घुमणारे पारवे. रोजच्या सवयीने कान हे आवाज गाळतात, माईक गाळत नाही.

मग खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागे 'टर्रर्र' असा थरथरता आवाज आला तर समोरासमोरच्या कोऱ्या भिंतींत आवाज चेंडूसारखा टोलवला जातोय. कपड्यांचं मोठं कपाट, गादी आणि जाड पडदे असलेल्या खोलीत हा आवाज जवळपास नसतोच. तुमची रेकॉर्डिंगची खोली बहुधा तीच. हॉल मोठा आणि मोकळा म्हणून बरेच जण तिथे मांडामांड करतात, पण टाळी वाजवून पाहिलीत की हॉलचा मोह सुटेल.

वेळही याच आठवड्यात ठरवून टाका. सकाळी घंटागाडी, मग कुकरच्या शिट्ट्या आणि ऑफिसची गर्दी. पेठांमध्ये दुपारी एक ते चार बरीच शांतता मिळते. सिंहगड रोड किंवा कर्वे रोडला लागून घर असेल तर रात्री अकरानंतरच निभाव लागतो. विमाननगर, विश्रांतवाडी, धानोरी या बाजूला लोहगावहून उडणारी विमानं टेकच्या (एका दमात घेतलेल्या रेकॉर्डिंगच्या) मधोमध येतात. हवाई दलाच्या लढाऊ विमानाचा आवाज कुठलीही खिडकी अडवत नाही, तेव्हा टेक थांबवायचा आणि ओळ पुन्हा घ्यायची. गणपतीच्या आधीचे काही आठवडे संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. ढोलाचा खालचा आवाज लांबवर पोहोचतो आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने तो नीट काढता येत नाही. त्या दिवसांत दुपारी रेकॉर्ड करा, संध्याकाळ ऐकण्या-निवडण्याच्या कामाला ठेवा. आणखी एक: दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाण्याची शक्यता असते, त्यामुळे साथीदारांना गुरुवारी बोलावू नका.

२. खोली तयार करा

इथे एक घोळ सगळ्यांचाच होतो. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम आणि आतला आवाज भिंतींवरून उसळू न देणं हे वेगळं काम. पहिल्यासाठी वजन आणि हवाबंदपणा लागतो, म्हणजे जाड दारं आणि दुहेरी काच. भाड्याच्या घरात ते शक्य नाही. दाराखालची फट कापडी गुंडाळीने बुजवा, खिडकीच्या कडांना रबराची पट्टी चिकटवा आणि तेवढ्यावर थांबा. दुसरं काम मात्र घरच्या सामानात उत्तम होतं.

अंड्याचे ट्रे लावू नका. त्यांनी फक्त वरचे, 'स-श'कडचे आवाज थोडे विस्कटतात. ऑनलाइन मिळणारा एक इंचाचा टोकदार फोमही वरचेच आवाज शोषतो, आणि त्याने भिंती भरल्या की आवाज बोदा होतो, खालचा घुमारा मात्र तसाच राहतो. याचं कारण मापात आहे. १०० हर्ट्झच्या सुराची लहर साधारण ३.४ मीटर लांब असते. एक इंच फोमला ती दिसतसुद्धा नाही. दहा फुटी खोलीत साधारण ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले, म्हणजे ११२, १६८ असे सूर आपोआप फुगतात. खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदी दोन्हींचे फुगवटे एकाच जागी येतात. पुरुषाच्या आवाजातला मंद्र सप्तक आणि डग्ग्याचा घुमारा याच पट्ट्यात पडतो.

सगळ्यात उपयोगी वस्तू तुमच्या माळ्यावर असेल: गोधडी. जुन्या सुती साड्या आणि धोतरांचे थर टाकून हाताने शिवलेली, उचलताना जड लागते ती. तिच्यातून हवा जाते आणि थरांमध्ये अडकते, म्हणून ती आवाज शोषते. रेक्झिन किंवा प्लास्टिक मारलेलं जाड कापड जड असलं तरी हे काम करत नाही. परीक्षा सोपी आहे. कापड तोंडाला लावून फुंकर मारा, पलीकडे हाताला हवा लागली तर ते कापड चालेल.

कपडे वाळत घालायचे दोन उभे स्टँड घ्या, प्रत्येकावर एक गोधडी दुहेरी करून टाका आणि ते तुमच्या पाठीमागे इंग्रजी व्हीच्या आकारात उभे करा. पाठीमागेच. माईकच्या मागे नाही. बहुतेक माईक समोरून ऐकतात आणि मागच्या बाजूला बहिरे असतात, म्हणजे माईकला तुम्ही दिसता आणि तुमच्या पाठची भिंत दिसते. माईकमागे लावायच्या अर्धगोल फोमच्या ढाली विकत मिळतात, पण मला त्यांच्यापेक्षा पाठची गोधडी कितीतरी जास्त मोलाची वाटते. पायाखाली सतरंजी किंवा गादी टाका. जवळ कपड्यांचं कपाट असेल तर त्याची दारं सताड उघडी ठेवा.

उभं कुठे राहायचं? खोलीच्या बरोबर मध्यावर नको, कोपऱ्यात नको, आणि तोंड जवळच्या कोऱ्या भिंतीकडे नको. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर उभं राहून सुरुवात करा, मग एकेक पाऊल पुढेमागे सरकून तीच ओळ गा. फरक फोनवरही कळतो.

कायमची सोय करायची असेल तर रॉकवूलचे, म्हणजे दगडापासून बनवलेल्या लोकरीसारख्या इन्सुलेशनचे पॅनल बनवा. ५० मिलिमीटर जाडीच्या, ४८ घनतेच्या (किलो प्रति घनमीटर) लाद्या इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पट्ट्या कापून आणा, चौकट ठोका, आत लादी बसवा, वरून फुंकर जाईल असं सुती कापड ताणून लावा. पॅनल भिंतीला चिकटवू नका, मागे दोन इंच मोकळी जागा सोडली तर तेच पॅनल खालच्या सुरांवर जास्त काम करतं. कोपऱ्यात तिरकं उभं केलं तर त्याहून चांगलं. रॉकवूल हाताळताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, त्याचे तंतू कातडीत आणि श्वासात जातात. घरात लहान मूल असेल तर गोधडीवरच भागवा.

३. आता खरेदी

हे सामान लागतं:

- ऑडिओ इंटरफेस: माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी. फोकसराइट स्कारलेट सोलो किंवा टू-आय-टू, बेहरिंगर यूएमसी मालिका, मोटू एम-टू यांपैकी काहीही चालेल. गाणं आणि साथ एकाच वेळी घ्यायची असेल तर दोन माईक जोडता येणारा घ्या. स्कारलेट सोलोमध्ये माईकची जागा एकच असते, ऐकायला छोटी गोष्ट, पण तबलजी घरी आल्यावर ती फार मोठी वाटते.
- माईक एक, त्याचा स्टँड आणि पॉप फिल्टर (तोंडातून येणारा हवेचा झोत अडवणारी जाळी).
- कानावर पूर्ण बसणारा, बंद पाठीचा हेडफोन. ऑडिओ-टेक्निकाचा एम-४०एक्स किंवा सोनीचा एमडीआर-७५०६ अशासारखा. ब्लूटूथचा अजिबात नको, त्यात आवाज उशिरा येतो.
- माईकची केबल.
- बॅकअपसाठी एक्स्टर्नल डिस्क.

माईकचे दोन प्रकार. डायनॅमिक माईक, उदाहरणार्थ १९६६पासून चालत आलेला शुअरचा एसएम-५८, जवळचं ऐकतो आणि लांबचं बरंचसं सोडून देतो. कंडेन्सर, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाचा एटी-२०२०, बारीक हरकत, श्वास, तंबोऱ्याची जवारी सगळं टिपतो, आणि शेजारच्यांचा टीव्हीसुद्धा. माझं मत स्पष्ट आहे: रस्त्यालगत किंवा पेठेत राहत असाल आणि खोली नुसती गोधडीवर चालवणार असाल, तर डायनॅमिक घ्या. आतल्या गल्लीतली शांत सोसायटी आणि पॅनल लावलेली खोली असेल, तर कंडेन्सर. डायनॅमिकला तोंड चार बोटांवर ठेवून गावं लागतं आणि इंटरफेसचं गेन (माईकचा आवाज किती वाढवून आत घ्यायचा ते) खूप वाढवावं लागतं, ही त्याची किंमत. हळू, हवेशीर आवाजात गाणाऱ्यांना ते जाचतं.

केबलचा सापळा आधीच ओळखून ठेवा. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नुसतं "माईकची केबल द्या" म्हणालात, तर एका टोकाला कॅनन (तीन पिनांचं गोल, म्हणजे एक्सएलआर) आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ (इलेक्ट्रिक गिटारला लागते तशी एकच जाड पिन) असलेली केबल हातात पडण्याची शक्यता मोठी. ती सभा-समारंभातल्या ॲम्प्लिफायरसाठी ठीक. इंटरफेसला ती लावली तर माईकचा आवाज भलत्याच वाटेने आत जातो, बारीक येतो, आणि कंडेन्सर तर चालतच नाही, कारण त्याला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसने केबलमधून माईकला पुरवलेली वीज, फक्त कॅननच्या तीन पिनांतून मिळते. तिथे स्पष्ट सांगायचं: "कॅनन-टू-कॅनन, एक मेल, एक फिमेल, पाच मीटर."

हजार-बाराशे रुपयांत माईक, स्टँड, फिल्टर असं सगळं देणारे संच टाळा. त्यांच्यासोबत बहुधा इअरफोनच्या जाडीची पिन येते आणि ते इंटरफेसला नीट जुळत नाहीत. त्यापेक्षा तोच पैसा बाजूला ठेवा आणि दोन महिने फोनवर काढा. फक्त बोलण्याचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर मात्र यूएसबी माईक पुरतो, इंटरफेसची गरज नाही.

नावाजलेल्या माईकच्या नकला खूप असतात. अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटीचं बिल आणि सीरियल नंबर बघून घ्या. त्याच दिवशी कंपनीच्या साइटवर नोंदणी करा, कारण वॉरंटीइतकंच इंटरफेससोबत फुकट मिळणारं सॉफ्टवेअरही त्या नोंदणीतूनच येतं.

४. जोडणी आणि सेटिंग

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर टाका, म्हणजे आवाज कमीत कमी उशिराने लॅपटॉपमध्ये ने-आण करणारं सॉफ्टवेअर. तो नसेल तरच आसिओ-फॉर-ऑल. मॅकवर बहुधा काही टाकावं लागत नाही.

सॉफ्टवेअरवर फार दिवस घालवू नका. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे आणि पुरेसा आहे. विंडोजवर मी रीपर सुचवेन. तो ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतो आणि नंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. नुसता आवाज घेऊन कापाकापी करायची असेल तर ऑडॅसिटी.

सेटिंग: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. व्हिडिओही ४८वरच चालतो, म्हणून पुढे त्रास होत नाही. एका माईकचं मिनिटाला साधारण साडेआठ एमबी होतं, म्हणजे तासाला अर्धा जीबी. डिस्क भरण्याची भीती नको.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू आला की ताल सुटतो आणि सूर चाचपडतो. रेकॉर्ड करताना सॉफ्टवेअरमधला बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते माप) १२८वर ठेवा, म्हणजे एका दिशेचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. १०२४वर तोच एकवीस होतो. नंतर मिक्स करताना, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, बफर परत वाढवा. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते दाबलं की आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येतो. ते दाबलंत तर सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येईल.

'हुंऽऽ' असा सतत आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष बहुधा वीजजोडणीत आहे. जुन्या वाड्यांत आणि जुन्या इमारतींत अर्थिंग नसतं किंवा नावापुरतं असतं, इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या. उपाय म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने जिवावर बेतू शकतं. तोवर टेक घेताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर घर चालू असताना किंवा पंख्याचा रेग्युलेटर अर्धवट फिरवलेला असताना इलेक्ट्रिक गिटार जोडलीत तर खरखर ऐकू येईलच.

५. सूर आधी एक करा

परदेशी मार्गदर्शकांमध्ये हा भाग नसतो, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त टेक इथेच वाया जातात. घरातली जुनी हार्मोनियम ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला बरोबर असेलच असं नाही. तिची काळी एक दाबून फोनवरच्या ट्यूनर ॲपमध्ये बघा. ती दहा-पंधरा सेंट (सुरातला बारीक फरक मोजायचं माप) वर किंवा खाली निघाली, तर तंबोऱ्याच्या ॲपमध्ये तेवढाच फरक टाका आणि तबला त्या षड्जाला लावा. हे न करता तंबोरा 'बरोबर' आणि हार्मोनियम 'थोडी वर' अशी रेकॉर्ड झाली की गाणारा दोघांच्या मध्ये लोंबकळतो, आणि ऐकणाऱ्याला गायकच बेसूर वाटतो. हार्मोनियमच्या दोन-तीन पट्ट्याच एकमेकींशी जुळत नसतील तर ॲप काही करू शकणार नाही, पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.

पंचम वर्ज्य असलेल्या रागाला, उदाहरणार्थ मालकंसाला, तंबोरा मध्यमावर लावा. ॲपमध्ये तो पर्याय असतो आणि घाईत राहून जातो.

तंबोरा कधीही स्पीकरवर वाजवू नका. तो फक्त हेडफोनमध्ये ऐका आणि वेगळ्या ट्रॅकवर दहा मिनिटं सलग रेकॉर्ड करून ठेवा. माईकमध्ये गळ्यासोबत तंबोरा मिसळला की नंतर एकही ओळ कापता येत नाही, जोड लगेच ऐकू येतो.

भावगीत किंवा बँडसाठी क्लिक ट्रॅक, म्हणजे हेडफोनमध्ये ठरलेल्या लयीत वाजणारी टिकटिक, वापरा. ख्याल किंवा मोकळा अभंग असेल तर क्लिक नकोच. त्यापेक्षा तबलजीला सोबत बसवा किंवा आधी ठेका रेकॉर्ड करून घ्या.

६. माईक कुठे, गेन किती

गेन लावताना मुखड्यावर लावू नका. तुमच्या गाण्यातली सगळ्यात चढी जागा, तार सप्तकातली तान किंवा शेवटचा चढवलेला अंतरा, पूर्ण जोरात गा आणि मीटर उणे १२ डीबीच्या आसपास थांबेल असं गेन ठेवा. आलापाला ते उणे ३० दाखवेल, हरकत नाही. २४ बिटमध्ये हळू घेतलेला आवाज नंतर स्वच्छ वाढवता येतो, शून्याला धडकून फाटलेला आवाज परत जोडता येत नाही. खरं गाताना माणूस सरावापेक्षा जोरात गातो, हेही त्यात धरा.

कंडेन्सर असेल तर तोंडापासून एक वीत अंतर. अशा बऱ्याच माईकमध्ये गायचं टोकाशी नसतं, बाजूला असतं, जिथे कंपनीची खूण आहे त्या बाजूला. टोकाशी गायलं की आवाज लांबचा आणि बोदा येतो. फँटम पॉवर माईक जोडल्यावर चालू करायची, काढण्याआधी बंद करायची, आणि दोन्ही वेळी हेडफोनचा आवाज खाली ठेवायचा. चुकून डायनॅमिक माईक लावलेला असताना ती चालू राहिली तर कॅनन-टू-कॅनन केबलवर त्याला काही होत नाही.

मराठी गाणाऱ्यांनी 'भ' आणि 'फ'कडे विशेष लक्ष द्या. महाप्राण अक्षरांसोबत हवेचा झोत बाहेर पडतो आणि माईकवर 'धप्प' असा आदळतो. "भरभरून फुलला पारिजात" असं चार वेळा म्हणून बघा. पॉप फिल्टर माईकपासून चार बोटं पुढे ठेवा आणि माईक तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता थोडा बाजूला किंवा नाकाच्या उंचीवर ठेवून खाली झुकवा. झोत निघून जातो, आवाज येतो. 'स', 'श', 'च' टोचत असतील तर त्यालाही हाच तिरकेपणा उपयोगी पडतो.

हार्मोनियमला माईक दीड-दोन फुटांवर, थोडा वरून, आणि भात्याच्या हातापासून लांबच्या बाजूला. फार जवळ नेला तर पट्ट्यांची खटखट आणि भात्याचा श्वास सुरांपेक्षा पुढे येतो. गाणारा स्वतःच पेटी वाजवत असेल तर गळ्याला डायनॅमिक लावा आणि माईकची पाठ पेटीकडे करा.

तबल्याला एकच माईक असेल तर तबला आणि डग्गा यांच्या मधोमध, साधारण दीड फूट वर. चाट फार टोचली तर माईक डग्ग्याकडे सरकवा, डग्गा गुरगुरला तर तबल्याकडे. एकेक इंच सरकवून ऐकत जा. इक्वलायझर फिरवण्यापेक्षा या सरकवण्यातून जास्त मिळतं. पावसाळ्यात पुडी सैल पडते आणि सूर उतरतो, म्हणून तबला अर्धा तास त्या खोलीतच ठेवून मग लावायला सांगा, आणि दर दोन टेकनंतर षड्ज पुन्हा तपासा.

पावसाळ्यात कंडेन्सर माईकही जपावा लागतो. काम झालं की हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की पुड्या सुकवून किंवा बदलून घ्या. ओलसर माईक मधूनच तडतड आवाज करतो आणि माणूस केबलला दोष देत बसतो.

७. टेक घेताना

सगळे फोन विमान मोडवर. पंखा बंद, एसी बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर तेवढा वेळ तोही बंद, आणि तो परत चालू करायची चिठ्ठी दाराला लावा. सुरुवातीला तीस सेकंद नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करा, पुढे दोन ओळींमधली जागा भरायला ती लागते. फोनवर व्हिडिओही घेत असाल तर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, नंतर चित्र आणि आवाज जुळवणं मिनिटाभराचं काम होतं.

गाणं सलग दोन-तीनदा पूर्ण गा, मगच राहिलेल्या जागा वेगळ्या घ्या. ओळ-ओळ तोडून सुरुवात केली तर गाण्याचा ओघ येत नाही. फाइलच्या नावात गाण्याचं नाव, पट्टी आणि टेक क्रमांक टाका. प्रत्येक गाण्याचं वेगळं फोल्डर करा आणि त्याच रात्री डिस्कवर प्रत घ्या. नको वाटलेले टेक महिनाभर तरी पुसू नका.

८. मिक्स

इथे थोडक्यात सांगते, कारण चांगलं रेकॉर्ड झालेल्या दोन-तीन ट्रॅकना फार काही करावं लागत नाही. गळ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं कापा, स्त्रियांच्या आवाजाला १००पर्यंत चालतं. कॉम्प्रेसर (फार मोठ्या जागा दाबून आवाज सारखा करणारं सॉफ्टवेअरमधलं साधन) ३:१, आणि सगळ्यात चढ्या जागी तीन ते सहा डीबीच दाबला जाईल एवढा. नॉइज रिडक्शन हलक्या हाताने, जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडा पंखा ऐकू आलेला परवडला.

रिव्हर्ब, म्हणजे सॉफ्टवेअरने टाकलेला कृत्रिम घुमारा, हा घरच्या रेकॉर्डिंगचा सगळ्यात मोठा मोह आहे. किती टाकायचा हे कानाला कळावं म्हणून एखादी छोटी बैठक ऐका, लहान जागेत, पुढच्या रांगेत बसून. गळा, तंबोरा आणि तबला आठ-दहा फुटांवरून कसे मिसळतात हे एकदा लक्षपूर्वक ऐकलं की घरी रिव्हर्बची मात्रा आपोआप कमी होते.

मिक्स हेडफोनवर करा, पण फोनचा स्पीकर, गाडीतला स्पीकर आणि स्वस्त इअरफोन या तिन्हींवर ऐकल्याशिवाय पूर्ण झालं असं म्हणू नका. फोनच्या स्पीकरवर डग्गा गायब होणारच. शब्द मात्र प्रत्येक ठिकाणी कळले पाहिजेत.

९. गाणं बाहेर काढताना

मास्टर फाइल वेव्ह, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीला आणून वाजवतो, म्हणून त्याहून खूप मोठ्याने दाबून भरण्यात फायदा नाही. सगळ्यात उंच टोक उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. मित्रांना व्हॉट्सॲपवर ऐकायला पाठवताना ३२० केबीपीएसची एमपी-थ्री डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

हक्कांचा भाग वगळू नका. ज्ञानेश्वर-तुकारामांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण त्यांना विसाव्या शतकात लावलेली लोकप्रिय चाल संगीतकाराची असते. भारतात गीत आणि संगीतावरचा हक्क कर्त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. तेव्हा अभंग म्हणायचाच असेल तर स्वतः चाल लावा, तेच सगळ्यात सुटसुटीत. इंटरनेटवरून उतरवलेल्या कराओके ट्रॅकवर गाऊन अपलोड केलेल्या गाण्यावर यूट्यूब बहुतेक वेळा दुसऱ्याचा दावा दाखवतो, मग तुमचा गळा कितीही तुमचा असो.

ॲग्रीगेटर कंपनीकडून गाणं सगळ्या ॲपवर टाकायचं असेल तर हे आधी जमवून ठेवा:

- वेव्ह फाइल आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी मुखपृष्ठ, त्यात दुसऱ्याचा फोटो किंवा लोगो नको
- गीतकार, संगीतकार, गायक, वादक यांची नावं, मराठी आणि रोमन दोन्ही लिपींत, प्रत्येक गाण्याला तंतोतंत सारखीच
- पॅन आणि बँक खात्याचा तपशील, कंपनी परदेशी असेल तर तिचा कराचा फॉर्म
- आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, तो बहुधा कंपनीच देते, तुम्ही फक्त जपून ठेवायचा
- गीतकार आणि वादकांची लेखी संमती

शेवटचा कागद मैत्रीत मागायला अवघड वाटतो. टेक घ्यायच्या दिवशीच, चहा घेताना, एका पानावर लिहा: गाण्याचं नाव, कोणी काय केलं, मानधन दिलं की नाही, पुढे पैसे आले तर वाटा किती. सगळ्यांनी सही करा, प्रत्येकाने त्याचा फोटो काढून ठेवा, आणि तोही त्या गाण्याच्या फोल्डरमध्येच टाका.